यंत्राला हार, माणसाला अकरा महिने

विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत कोट्यवधींचं यंत्र आलं की वर्तमानपत्रात फोटो छापून येतो. यंत्राला झेंडूचा हार, वर कुंकवाचं बोट, शेजारी पाहुणे. मागच्या रांगेत अर्धा चेहरा कापला गेलेला एक पोरगा दिसतो. उद्यापासून ते यंत्र चालवायचं असतं त्याला. दोन-तीन वर्षांनी त्याच यंत्रावर प्लास्टिकचं कव्हर चढलेलं असतं, तेव्हा फोटोग्राफर फिरकत नाही. राज्य विद्यापीठांतल्या जैववैद्यकीय संशोधनाला पैसा कमी पडतो, ही ओरड जुनी आणि खरी आहे. माझी तक्रार जरा वेगळी आहे. जो थोडाफार पैसा मिळतो, तो विकत घ्यायला मिळतो, चालवायला मिळत नाही. दारी हत्ती बांधायची हौस दांडगी, चाऱ्याचा हिशेब विचारला की सगळे आढ्याकडे बघतात.

मी संशोधक नाही. उमेदीची वर्षं एका औषध कंपनीच्या क्यूसीत, म्हणजे गुणनियंत्रण विभागात गेली. त्यामुळे यंत्रांशी आणि रसायनांशी बऱ्यापैकी ओळख आहे. भाची पीएचडी करते आहे, त्यामुळे दुसरी बाजूही रोज जेवणाच्या ताटावर ऐकायला मिळते. दोन्हीकडच्या माणसांत बुद्धीचा फरक मला कधी दिसला नाही. कंपनीत एचपीएलसीचा, म्हणजे औषधातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राचा, पंप बसला तर दुपारपर्यंत इंजिनिअर दारात हजर, कारण यंत्र बंद म्हणजे बॅच अडकली आणि बॅच अडकली म्हणजे माल अडकला. विद्यापीठात तोच पंप बसला तर आधी अर्ज, मग तीन कोटेशनं, मग खरेदी समितीची बैठक, मग कुणीतरी रजेवर, आणि तेवढ्यात मार्च उलटतो नि निधी परत जातो. यात कुणी खलनायक नाही. प्रत्येक जण नियमानेच वागतो. नियम मात्र खुर्च्या-टेबलं विकत घेणाऱ्यांनी खुर्च्या-टेबलांसाठी लिहिलेले आहेत.

बडोद्यात बसून हे म्हणायला मला जास्त जोर येतो, कारण पैशाविना नव्हे, पण फार पैशाविना काय होऊ शकतं हे या शहरानं दाखवलेलं आहे.

महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ सालचं, मूळ धरलं तर १८८१ च्या बडोदा कॉलेजपर्यंत जातं. पहिल्या कुलगुरू हंसा मेहता. त्यांच्या काळात गृहविज्ञानाची विद्याशाखा उभी राहिली. आमच्या दांडिया बाजारातल्या कित्येक घरांत तिची ओळख 'मुलींना स्वयंपाक शिकवणारं कॉलेज' अशीच होती, आणि बीएस्सीला मार्क कमी पडले की 'होमसायन्सला टाका' हा ठरलेला सल्ला. त्याच विद्याशाखेच्या अन्न आणि पोषण विभागात १९८० च्या दशकात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे काम केलं, ते माझ्या मते या शहरातल्या सगळ्यात उपयोगी संशोधनांपैकी एक आहे. ते कुणाला माहीत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

सहा-आठ महिन्यांच्या बाळाला वरचं अन्न सुरू करायचं असतं. गरीब घरात ते अन्न म्हणजे तांदळाची किंवा गव्हाची पेज. पेज शिजली की स्टार्च फुगतो आणि ती घट्ट होते. घट्ट पेज बाळाला गिळवत नाही. आई पाणी घालून ती पातळ करते, म्हणजे वाटी तेवढीच राहते आणि तिच्यातली ताकद अर्ध्यावर येते. बाळाचं पोट एवढंसं. ते पाण्यानेच भरतं. मूल जेवतं आणि तरीही वाळत जातं. यावर उपाय काय? मोड आणलेल्या गव्हाचं पीठ. धान्याला मोड येतात तेव्हा त्यात अमायलेज नावाचं विकर (एन्झाइम) तयार होतं, ते स्टार्चच्या लांब साखळ्या तोडतं. घट्ट गरम पेजेत असं चमचाभर पीठ ढवळलं की काही मिनिटांत पेज ओतण्याइतकी पातळ होते. ताकद मात्र तीच राहते, कारण पाणी वाढवलेलं नसतं.

यावर आपल्याकडची कोणतीही आजी म्हणेल, यात नवीन काय, नाचणीला मोड आणून सत्त्व आम्ही करतच होतो. खरंच आहे. पण अंगणवाडीच्या सरकारी आहारात 'आजी करत होती' म्हणून एखादी गोष्ट घालता येत नाही. किती टक्के घट्ट पेजेला किती ग्रॅम पीठ, तापमान किती, पातळपणा किती वेळ टिकतो, बाळ खरंच जास्त खातं का, हे मोजावं लागतं. कुणीतरी टेबलाशी बसून एकाच पेजेची चिकटता पुन्हा पुन्हा मोजत राहिलं, म्हणून ते पोषणशास्त्राच्या जगभरच्या चर्चेत गेलं. यासाठी लागली काय सामग्री? धान्य, गिरणी, चिकटता मोजायचं एक साधं उपकरण, आणि त्या एका प्रश्नाला चिकटून राहिलेल्या बायका.

त्याच्याही आधी, १९५५ मध्ये, सी. व्ही. रामकृष्णन यांनी विद्यापीठात जीवरसायन विभाग सुरू केला. त्यांच्या पत्नी राजलक्ष्मी यांनी कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातून मानसशास्त्रात पीएचडी मिळवली होती. बडोद्यात त्या पोषणाच्या संशोधनाकडे वळल्या आणि स्थानिक, स्वस्त अन्नातून पुरेसा आहार कसा उभा करता येईल यावर काम करत राहिल्या. या जोडप्याचा मुलगा व्यंकी तीन वर्षांचा असताना बडोद्यात आला, इथेच वाढला, इथूनच १९७१ मध्ये फिजिक्सची बीएस्सी करून अमेरिकेला गेला, आणि २००९ मध्ये रायबोसोमच्या, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेच्या, रचनेवरच्या कामासाठी त्याला रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. मुलाचं नाव शहरात सगळ्यांना ठाऊक. आईचं काम विचारा, शंभरात एखादा सांगेल.

व्यंकी रामकृष्णन यांच्या चरित्रातली एक गोष्ट माझ्या मुद्द्याला फार जवळची आहे. १९९९ मध्ये त्यांनी अमेरिकेतलं प्राध्यापकपद सोडलं आणि कमी पगारावर केंब्रिजच्या प्रयोगशाळेत गेले. यंत्रं अमेरिकेतही होती. केंब्रिजला मिळत होती ती एका अवघड प्रश्नामागे वर्षानुवर्षं लागण्याची मुभा. दर दोन-तीन वर्षांनी नव्या अनुदानासाठी दारोदार जायचं नाही, ही हमी. आपण त्यांच्या सत्काराला तयार असतो. त्या मुभेची किंमत मोजायला मात्र तयार नसतो.

आता पालीकडे येऊ. हसू नका. घरातली पाल शेपूट टाकून पळते आणि काही आठवड्यांत तिला नवी शेपूट फुटते, हे लहानपणी सगळ्यांनी पाहिलेलं आहे. बडोद्याच्या प्राणिशास्त्र विभागात गेली कित्येक दशकं, शिक्षकांच्या एकामागून एक पिढ्यांनी, नेमकं हेच पाहिलं आहे. शेपूट तुटल्यावर जखमेवर व्रण न धरता पेशींचा एक कोंब कसा तयार होतो, त्यातून स्नायू, त्वचा, मज्जातंतू कसे उगवतात, आणि नव्या शेपटीत मणके न येता कूर्चेची एक नळीच का येते. अलीकडच्या काळात त्यांनी दाखवलं की दाह आणि वेदनेशी संबंधित एक विकर औषधाने रोखलं, तर शेपटीची वाढही अडखळते. हे औषध म्हणजे आपण गुडघे दुखले की ज्या जातीच्या गोळ्या घेतो, त्याच जातीचं. माणसाची जखम व्रण धरते आणि पालीची शेपूट धरत नाही, यातला फरक कळला तर शस्त्रक्रिया, भाजलेली त्वचा, मणक्याची इजा, सगळीकडे त्याचा उपयोग आहे. कधी होईल? मला माहीत नाही, त्यांनाही नाही. पण जो प्राणी जनुक बदललेल्या उंदरांसारखा परदेशातून मागवावा लागत नाही, जो ट्यूबलाइटखाली रोज संध्याकाळी आपणहून येऊन बसतो, त्यावर पन्नास-साठ वर्षांचं ज्ञान एका राज्य विद्यापीठात साठलेलं आहे. ही केवढी मोठी ठेव आहे! आणि ती ठेव कागदावर अर्धीच असते. उरलेली अर्धी हातांत असते: पाल पकडायची कशी, शेपूट कुठे दाबली की ती स्वतःहून टाकते, उन्हाळ्यात आणि थंडीत वाढीचा वेग किती बदलतो. शिक्षक निवृत्त झाला, जागा भरली नाही, तर ती उरलेली अर्धी ठेव त्याच्याबरोबर घरी जाते.

कोडाचं उदाहरण याहून जवळचं. अंगावरचे पांढरे डाग. वैद्यकीय भाषेत व्हिटिलिगो. हा कुष्ठरोग नव्हे, संसर्गजन्य नव्हे, जिवावर बेतणारा नव्हे. पण मुलीच्या हातावर डाग दिसला की आई पूर्ण बाह्यांचे पंजाबी ड्रेस शिवून घेते आणि स्थळं बघताना ती गोष्ट कधी सांगायची यावर घरात रात्र-रात्र खल चालतो. मराठी घरात चालतो, गुजराती घरातही चालतो. या आजारात शरीराची संरक्षणयंत्रणाच त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवर उलटते. बडोद्याच्या जीवरसायन विभागानं सयाजी हॉस्पिटलच्या त्वचारोग विभागात येणाऱ्या रुग्णांच्या रक्ताचे नमुने घेऊन वर्षानुवर्षं अभ्यास केला: कोणत्या जनुकातला कोणता बारीक फरक रुग्णांत जास्त सापडतो, कोणती रसायनं वाढलेली असतात, इंटरफेरॉन-गॅमा नावाचा संकेत यात काय करतो. २०२२ मध्ये अमेरिकेत कोडासाठी रुक्सोलिटिनिबचं मलम मंजूर झालं. ते याच इंटरफेरॉनच्या संकेताची वाट अडवतं. बडोद्यानं औषध शोधलं असं मी अजिबात म्हणत नाही. जगभरच्या शेकडो प्रयोगशाळांनी मिळून जो नकाशा काढला, त्यात गुजरातमधल्या माणसांचा तुकडा इथल्या लोकांनी भरला, इतकंच. तो तुकडा दुसरं कुणी भरणार नव्हतं.

या कामाचं सगळ्यात अवघड अंग यंत्राचं नाहीच. रुग्णांचं रक्त मिळतं. तुलनेसाठी निरोगी माणसांचं मिळत नाही. भाचीचा विषय वेगळा, पण तिलाही हाच अनुभव. आमच्या ओळखीच्या मंडळींत रक्तदान शिबिराला बाटलीभर रक्त द्यायला रांग लागते. संशोधनासाठी पाच मिलिलिटर द्या म्हटलं की 'आमच्या घराण्यात तसलं काही नाही हो' असं उत्तर मिळतं. अहो, नाही म्हणूनच तर तुमचं रक्त हवंय! हे समजावून सांगायला, संमतीपत्र वाचून दाखवायला, सहा महिन्यांनी त्याच रुग्णाला पुन्हा फोन करून बोलवायला एक माणूस लागतो, आणि तो दर वर्षी बदलून चालत नाही. रुग्णाचा विश्वास माणसावर बसतो, विभागाच्या पाटीवर बसत नाही.

आणि माणसाला आपण काय देतो? अकरा महिन्यांचा करार. बाराव्या महिन्यात खंड, मग पुन्हा मुलाखत, पुन्हा अकरा महिने. अशा शिक्षकानं दहा वर्षांचा प्रश्न हातात कशाला घ्यावा? तो वर्षभरात संपणारा, लगेच छापून येणारा विषय घेणार. त्याला दोष देऊन उपयोग नाही.

संशोधक विद्यार्थ्यांची गत आणखी विचित्र. नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा पास होऊन जेआरएफ मिळवलेल्या मुलाला केंद्राची ही शिष्यवृत्ती महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनी ४२,०००. ही वाढ २०२३ ची. ज्याला ती नाही, त्याला गुजरात सरकारच्या 'शोध' योजनेतून महिना १५,०००, वर्षाला २०,००० रुपये किरकोळ खर्चासाठी, तेही दोन वर्षं. पीएचडीला लागतात पाच. दोघं एकाच बाकावर, एकाच वेळी, तेच पिपेट धरून तेच काम करतात. एकाला दुसऱ्याच्या निम्म्याहून कमी. विद्यापीठाजवळच्या फतेहगंजात खोलीचं भाडं दोघांना सारखंच. शिवाय ३७,००० वाल्याचे पैसे दर महिन्याला येतात असं समजू नका. ते चार-चार, सहा-सहा महिने रखडतात आणि मग एकदम येतात. त्या मधल्या काळात घरून पैसे मागायचे, पंचविशी उलटलेल्या मुलानं. घरात प्रश्न तयार असतोच: 'तुझ्याबरोबरचा तो आयटीत लागला ना?' आमच्या समाजात पीएचडी करणाऱ्या मुलाबद्दल आदर पुष्कळ, त्याला मुलगी द्यायची म्हटली की आदर संपतो.

भाचीच्या प्रयोगशाळेत मी एकदा गेले होते. संस्था कुठली ते सांगायची गरज नाही. कोणत्याही राज्य विद्यापीठात जा, थोड्याफार फरकाने हेच दिसेल. कोपऱ्यात उणे ऐंशी अंशाचा फ्रीझर. दार उघडलं की पांढरं धुकं पायावर उतरतं. रबराच्या पट्टीवर बर्फ इतका साचलेला की दार नीट लागत नाही, म्हणून एक मुलगा प्लास्टिकच्या पट्टीनं तो खरवडत होता. आत खण, खणात पुठ्ठ्याचे डबे, प्रत्येक डब्यात नऊ गुणिले नऊ, एक्याऐंशी कुप्या, प्रत्येकीच्या टोपणावर मार्करनं आकडा. एका डब्यावर पुसट 'आर. के.' लिहिलेलं.

"हे आर. के. कोण?"

"माहीत नाही, मावशी. माझ्या आधीचं आहे. पण फेकायचं नाही असं सरांनी सांगितलंय."

असा एक फ्रीझर दिवसाला पंधरा-वीस युनिट वीज खातो. तो घेतला तेव्हा कोणत्या तरी प्रकल्पातून आठ-दहा लाख मिळाले. प्रकल्प तीन वर्षांत संपला. आता गॅस भरायला पैसे कुठून, हा प्रश्न खर्चाच्या कोणत्याही शीर्षाखाली बसत नाही. रात्री वीज गेली तर विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडतो आणि हॉस्टेलवरचा जो सगळ्यात जवळ असेल तो धावतो. २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्री नदी शहरात घुसली, वीज गेली, तेव्हा ही मुलं थर्मोकोलच्या खोक्यांत बर्फ भरून कुप्या इकडून तिकडे हलवत होती. शेकडो रुग्णांनी विश्वासानं दिलेलं रक्त आणि पाच वर्षांची पीएचडी, दोन्ही त्या खोक्यात.

त्या फ्रीझरमध्येच एका अँटिबॉडीची, म्हणजे नमुन्यातलं ठरावीक प्रथिन शोधून धरणाऱ्या रसायनाची, कुपी होती. शंभर मायक्रोलिटर, म्हणजे दोन थेंब. किंमत तीस-चाळीस हजार. परदेशातून येते, बर्फात यावी लागते, आणि विमानतळावर कागदात अडकली तर खराब होऊन येते. बिल तरीही भरायचं. त्यात कर. सरकारी पैशावर चालणाऱ्या संशोधन संस्थांना वैज्ञानिक उपकरणांवर फक्त ५ टक्के जीएसटी भरायची सवलत होती. जुलै २०२२ मध्ये ती काढली आणि दर १८ टक्क्यांवर गेला. दहा लाखांच्या अनुदानात पूर्वी साडेनऊ लाखांची वस्तू यायची, ती साडेआठ लाखांवर आली. सरकारनं एका खिशातून दिले आणि दुसऱ्या खिशात काढून घेतले. पुढे थोडं शहाणपण आलं, हेही सांगायला हवं. २०२४ मध्ये संशोधन अनुदानांवरचा जीएसटी माफ झाला, २०२५ मध्ये निदानाच्या किट-रसायनांवरचा दर ५ टक्क्यांवर आला, आणि केंद्राच्या वैज्ञानिक संस्थांना सरकारी पोर्टलच्या बाहेर खरेदी करायची मोकळीकही मिळाली. राज्य विद्यापीठांच्या खरेदी विभागापर्यंत हे वारं पोचायचं आहे.

देश संशोधनावर जीडीपीच्या ०.६४ टक्के खर्च करतो. चीन अडीच टक्क्यांच्या आसपास, दक्षिण कोरिया पाचाच्या. हा आकडा सगळे सांगतात. त्याच्या पोटातला आकडा कुणी सांगत नाही: २०२०-२१ च्या सरकारी आकडेवारीनुसार त्या खर्चात उच्च शिक्षण संस्थांचा वाटा फक्त ८.८ टक्के, आणि राज्य सरकारांचा ६.७. देशात उच्च शिक्षण घेणाऱ्या पाचांतले चार जण राज्यांच्या विद्यापीठांत शिकतात. म्हणजे जिथे मुलं आहेत तिथे पैसा नाही.

यावर एक हुशार उत्तर असतं: मग राज्य विद्यापीठांनी शिकवावं, संशोधन आयसर, आयआयटी आणि केंद्राच्या संस्थांवर सोडावं. ऐकायला नीटस वाटतं. पण कोडाचा रुग्ण आयआयटीत जात नाही. तो जातो सयाजी हॉस्पिटलमध्ये. ते हॉस्पिटल आणि विद्यापीठाची विज्ञान शाखा यांच्यामध्ये जेमतेम एक कमाटीबाग आणि विश्वामित्रीचा पूल. वैद्यकीय महाविद्यालय तर याच विद्यापीठाची शाखा. जगातल्या कित्येक नामांकित संस्थांना हे शेजारपण विकत घ्यावं लागलं. आपल्याला ते गायकवाडांनी आयतं देऊन ठेवलं. तरी दोन्हीकडचे लोक एकमेकांना ओळखतात ते बहुतेक वैयक्तिक मैत्रीतून. एका डॉक्टरची बदली झाली की नमुने बंद. बदली न होणारी, दोन्ही इमारतींची मिळून एक नमुना-पेढी आणि तिच्यावर दोन कायम माणसं, एवढं केलं तरी मला नव्या यंत्राचा फोटो नको.

दुसरं उत्तर कंपन्यांचं. बडोद्यात औषध कंपन्या काय कमी आहेत, त्या करतील संशोधन. मी त्या दुनियेत राहिलेली आहे, म्हणून सांगते, त्या करतात आणि उत्तम करतात; जे विकता येतं तेच करतात. मोड आलेल्या गव्हाच्या पिठाचं पेटंट कोण घेणार? पालीची शेपूट कोणत्या तिमाहीच्या नफ्यात दाखवणार? आणि कंपन्या तरी आकाशातून पडल्या नाहीत. १९०७ मध्ये अलेंबिक सुरू झाली ती त्रिभुवनदास गज्जर, कोटिभास्कर आणि बी. डी. अमीन यांच्या खटपटीतून. गज्जर हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक, सयाजीरावांच्या पाठिंब्यानं १८९० मध्ये कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था उभारणारे. आधी शिक्षकाच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी खणखणली, मग कारखान्याची चिमणी उभी राहिली.

तिसरा आक्षेप खरा आहे आणि तो मी झटकणार नाही. विद्यापीठांतून निघणारे पुष्कळ शोधनिबंध निव्वळ भरताड असतात. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकं, एकाच चित्राचे दोन निबंधांत दोन अर्थ, हे सगळं चालतं. यूजीसीनं २०२२ मध्ये पीएचडीसाठी निबंध छापून येण्याची सक्ती काढली, ते योग्यच झालं. पण भरताड कुठून येतं? अकरा महिन्यांनंतर मुलाखतीत 'यंदा किती पेपर?' हा एकच प्रश्न असतो तिथून. मोजपट्टी बदलल्याशिवाय माल बदलणार नाही. क्यूसीत आम्ही हे पहिल्याच आठवड्यात शिकलो होतो.

सयाजीराव महाराजांची आठवण बडोद्याचा मराठी माणूस उठता-बसता काढतो. काढावीच. पण ते वास्तूंबरोबर माणसांवर खर्च करत, हे विसरायला नको. १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर नावाच्या तरुणाला कोलंबिया विद्यापीठात शिकायला महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी याच दरबारातून गेली. (१९१७ मध्ये ते इथे नोकरीला आले तेव्हा या शहरानं त्यांना राहायला जागा दिली नाही. तो कलंक या लेखाच्या विषयाहून फार मोठा आहे, पण महाराजांचं नाव घेताना तो गाळून पुढे जाणं मला जमत नाही.) पैसा तीन वर्षांचा ठरला आणि दर महिन्याला गेला.

आमच्या बीएस्सीच्या दिवसांत प्रॅक्टिकलच्या हॉलमध्ये एक लॅब असिस्टंट काका होते. धोतर-कोट, मराठी बोलणारे, शिक्षण मॅट्रिकच्या आतबाहेर. कोणत्या ब्युरेटची तोटी गळते, कोणता तराजू पावसाळ्यात जड दाखवतो, हे प्राध्यापकांना त्यांना विचारावं लागे. यंत्र बिघडायच्या आधी त्यांना आवाजावरून कळे. असे लोक निवृत्त होत गेले आणि त्यांच्या जागा कागदावर 'रिक्त' होऊन राहिल्या. आता कोट्यवधींच्या यंत्रापाशी प्रशिक्षित तंत्रज्ञ नाही. ज्या विद्यार्थ्याला ते चालवता येतं तो पीएचडी संपवून जर्मनीला जातो आणि यंत्र गप्प होतं. माझी मागणी साधी आहे. अमुक किमतीच्या वरचं यंत्र मंजूर करायचं तर त्याच्याबरोबर एक कायम तंत्रज्ञाचं पद आणि दहा वर्षांचा देखभालखर्च त्याच कागदावर मंजूर करायचा. जमत नसेल तर यंत्र घ्यायचं नाही. दहा यंत्रांऐवजी सहा घ्या, पण सहाही चालू ठेवा. शिष्यवृत्तीला पगाराचा नियम लावा: महिन्याच्या एक तारखेला खात्यात. आणि पालीवर, पेजेवर, कोडावर जिथे दशकांचं काम साठलेलं आहे, तिथली निवृत्त होणारी जागा निवृत्तीच्या आदल्या वर्षीच भरा, म्हणजे जुना आणि नवा निदान वर्षभर एका टेबलाशी बसतील.

सरकार हे करेल तेव्हा करेल. बडोद्यातून शिकून गेलेली मुलं जगभर आहेत, त्यांच्यातली पुष्कळ मराठी आहेत, आणि ती दर डिसेंबरात येतात. देणगी द्यायची त्यांना मनापासून इच्छा असते. मग वडिलांच्या नावाचं सभागृह होतं, आजीच्या नावानं सुवर्णपदक होतं, कारण त्यांना पाटी लावता येते. मोठ्या यंत्राचा देखभालीचा करार वर्षाला त्याच्या किमतीच्या साधारण पाच ते दहा टक्क्यांत होतो. पन्नास लाखांचं यंत्र असेल तर अडीच ते पाच लाख. अमेरिकेतल्या तीन-चार मित्रांनी मिळून उचलावी एवढीच ही रक्कम. या डिसेंबरात जो कुणी विभागात जुन्या सरांना भेटायला जाईल, त्यानं कव्हर घातलेलं यंत्र कोणतं आणि त्याचा करार कितीला होतो, एवढं विचारावं. सरांना आकडा तोंडपाठ असतो. कोटेशन टेबलाच्या खणात पडलेलं असतं.